शुक्रवारी रात्री ठरलेला मेसन, आणि त्याच्या मागची तीस वर्षं

९ सप्टेंबर २०२४, सोमवार. इकडे बे एरियात दुपारचे पावणेचार वाजत आले होते, घरचे दीड दिवसाचे गणपती आदल्या दिवशी गेलेले, मखर अजून हॉलमध्ये तसंच उभं, आणि फोनवर आलं की ख्रिश्चन मॅकॅफ्री आज खेळत नाहीये. ज्यांना फँटसी फुटबॉल माहीत नाही त्यांना सांगतो, अमेरिकन फुटबॉलमधले खरे खेळाडू घेऊन आपली कागदी टीम करायची, ते मैदानात जे करतील त्याचे पॉइंट आपल्याला, आणि असं एकमेकांशी खेळणाऱ्यांचा गट म्हणजे लीग. मॅकॅफ्री म्हणजे इथल्या फॉर्टीनायनर्स टीमचा मुख्य रनिंग बॅक, बॉल घेऊन धावणारा, आणि त्या वर्षी जवळपास प्रत्येक लीगमध्ये सगळ्यात पहिला उचललेला माणूस, २०२३ मध्ये २१ टचडाउन (बॉल समोरच्यांच्या शेवटच्या पट्ट्यात पोचवणं) केलेले, माझ्याकडेही तोच. आणि मॅच सोमवारी रात्रीची, म्हणजे रविवारचे सगळे खेळाडू आधीच खेळून झालेले, आता बदली घ्यायला उरलंय कोण? एकच नाव होतं, जॉर्डन मेसन, मॅकॅफ्रीचाच बॅकअप. आमच्या ऑफिसच्या लीगमध्ये तो कुणाकडेच नव्हता, ज्याचा हात पहिल्या दोन मिनिटांत पोचला त्याला तो मिळाला. माझा नाही पोचला.

मेसनने त्या रात्री न्यूयॉर्क जेट्सविरुद्ध २८ वेळा बॉल घेऊन १४७ यार्ड आणि एक टचडाउन केला. दहा यार्डला एक पॉइंट आणि टचडाउनला सहा धरले तर नुसत्या धावण्याचेच २०.७ पॉइंट. आणि मॅच झाल्यावर त्याला कुणीतरी विचारलं की तू सुरुवातीपासून खेळणार हे तुला कधी कळलं, तर तो अगदी सरळपणे म्हणाला, शुक्रवारी रात्री. मग काय, फँटसीवाल्यांत एकच गदारोळ! शुक्रवारी रात्री मी मखराच्या झालरी चिकटवत बसलो होतो आणि टीमने त्यानंतरही मॅकॅफ्री 'कदाचित खेळेल' असंच लिहून ठेवलं होतं.

पण मला तेव्हापासून जास्त छळतो तो दुसराच प्रश्न. २०२२ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खऱ्या टीम पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे, ज्याला ३२ पैकी एकाही टीमने घेतलं नाही असा पोरगा पहिल्यांदाच सुरुवातीपासून खेळतो आणि थेट १४७ यार्ड? हा योगायोग नाहीये, हे एका घराण्याचं काम आहे, आणि घराणं हा शब्द मी गाण्यातल्या अर्थानेच वापरतोय. गुरू, शिष्य, एकच पद्धत, आणि आवाज बदलला तरी गायकी तीच.

त्याआधी बॅकअपला किंमत मुळात का आली ते थोडक्यात. ड्रीम इलेव्हन खेळलेल्यांना वाटेल की त्यात काय, चांगला आहे तर सगळ्यांनी घ्यावा. तिथे एकच खेळाडू लाखो लोक घेऊ शकायचे, इथे तसं नाही. सीझनच्या आधी आमचाही ड्राफ्ट होतो, एक खेळाडू लीगमध्ये एकाच टीमकडे, आणि चार महिने तोच संसार सांभाळायचा. हा खेळ निघाला १९६२ मध्ये, ओकलंड रेडर्सचे एक छोटे भागीदार बिल विंकेनबाख आणि त्यांच्या एक-दोन मित्रांनी न्यूयॉर्कच्या हॉटेलात बसून नियम लिहिले, आणि पुढच्या वर्षी ओकलंडला विंकेनबाखच्या घरी आठ टीमचा पहिला ड्राफ्ट झाला. म्हणजे माझ्या घरापासून खाडीच्या पलीकडे! तेव्हापासून हेच तत्त्व, की जो दुसऱ्याकडे गेला तो तुमचा नाही. म्हणून मग आपल्या मुख्य रनिंग बॅकचा बॅकअपही आपणच बाकावर बसवून ठेवायचा, याला इथे हँडकफ म्हणतात, दोघं एकाच बेडीत. मुख्य माणूस पडला तर त्याचं काम आपल्या घरातच राहतं.

आता घराणं. १९९५ मध्ये माइक शानाहन डेन्व्हर ब्राँकोसचे कोच झाले आणि त्याच वर्षी त्यांनी सहाव्या फेरीत, १९६ व्या नंबरला, टेरेल डेव्हिस नावाचा रनिंग बॅक घेतला. इतक्या खालचा माणूस म्हणजे कॅम्पमध्ये गर्दीला. सीझनआधीची एक मॅच टोकियोला होती, फॉर्टीनायनर्सविरुद्ध, आणि डेव्हिसने नंतर स्वतःच सांगितलंय की तिथे तो इतका खचला होता की सगळं सोडून घरी परत जायचं ठरवलं होतं, पण हॉटेलमधून फोन करून विमानाचं जमवायचं तर भाषेचीच अडचण, म्हणून राहिला. आणि त्या मॅचमध्ये किकऑफला, म्हणजे बॉल लाथेने समोरच्यांकडे मारल्यावर, धावत जाऊन त्याने बॉल घेतलेल्या माणसाला असा काही आदळला की कोचेसनी मान वळवून बघितलं. रनिंग बॅक म्हणून नव्हे, टॅकल करून, म्हणजे समोरच्याला पाडून! तो सीझन संपला तेव्हा त्याच्या नावावर १,११७ यार्ड होते, आणि १९९८ ला २,००८.

बॅकअपबद्दल काहीही वाचताना मला हे टोकियो आठवतं. बाकावरच्या माणसाला मैदानात नेणारं काम बऱ्याचदा बॉलशिवायचंच असतं. किकऑफला टॅकल कर, क्वार्टरबॅकवर, म्हणजे आपल्या बॉल फेकणाऱ्यावर, धावून येणाऱ्याला अंगावर घे. ते येत नसेल तर पाय कितीही वेगवान असू दे, तिसऱ्या डाउनला, म्हणजे दहा यार्ड गाठायच्या चारांपैकी तिसऱ्या प्रयत्नाला, कोच त्याला बाहेरच बसवणार, कारण एक चुकलेला ब्लॉक म्हणजे क्वार्टरबॅक हॉस्पिटलात. आपण फँटसीवाले फक्त यार्ड बघतो, म्हणून चुकतो.

डेव्हिसचा गुडघा १९९९ च्या चौथ्या मॅचमध्ये गेला. तिथे खरी गंमत सुरू होते. त्याच्या जागी चौथ्या फेरीतला ओलँडिस गॅरी आला, बारा मॅचमध्ये १,१५९ यार्ड. २००० मध्ये गॅरीचाही गुडघा गेला, डेव्हिसही धड नाही, तर माइक अँडरसन आला, सहाव्या फेरीतला, आधी मरीन्समध्ये नोकरी केलेला, त्याने १,४८७ यार्ड केले आणि एका मॅचमध्ये तर २५१. मग क्लिंटन पोर्टिस आला, दोन वर्षं दीड हजाराच्या वर धावला, आणि डेन्व्हरने त्याला २००४ मध्ये वॉशिंग्टनला देऊन चँप बेली हा बचावातला कॉर्नरबॅक घेतला, आणि तरीही त्याच वर्षी रुबेन ड्रॉन्सने १,२४० यार्ड काढले. ड्रॉन्स म्हणजे तोवर मुख्यतः दुसऱ्यांसाठी वाट मोकळी करून देणारा माणूस!

याचं कारण लाइनमध्ये, म्हणजे रनिंग बॅकच्या पुढे उभ्या राहणाऱ्या पाच जणांत, होतं. कोच अ‍ॅलेक्स गिब्जने बसवलेली झोन ब्लॉकिंग, म्हणजे पुढचे पाचही जण एकेकट्या माणसाला भिडण्याऐवजी एका सुरात एका बाजूला सरकतात, कबड्डीत साखळी सरकते ना, साधारण तसं. समोरच्यांनाही सरकावंच लागतं, सरकताना कुठेतरी फट पडते, आणि रनिंग बॅकने एकदाच पाय रोवून त्या फटीत शिरायचं, नाचत बसायचं नाही. त्यामुळे या पद्धतीला स्टार लागत नाही, फट दिसणारा आणि न घाबरता शिरणारा माणूस लागतो, आणि असे लोक सहाव्या फेरीतही मिळतात. त्या काळात डेन्व्हरचा बॅकअप बाकावर ठेवणं हा फँटसीत पहिला धडा होता.

मुलगा काइल शानाहन २०१७ मध्ये फॉर्टीनायनर्सचा कोच झाला आणि तीच गोष्ट परत सुरू झाली, फक्त गाव बदललं. रहीम मोस्टर्ट इथे टिकायच्या आधी सहा टीमच्या दारातून परत आलेला, ज्या ज्या तारखेला काढून टाकलं त्या तारखा तो लिहून ठेवायचा आणि मॅचच्या आधी वाचायचा. जानेवारी २०२० च्या एनएफसी फायनलला, म्हणजे एका गटाच्या अंतिम मॅचला, टेव्हिन कोलमनचा खांदा दुखावला आणि मोस्टर्ट ग्रीन बेविरुद्ध २२० यार्ड, चार टचडाउन करून टीमला सुपर बोलमध्ये, म्हणजे वर्षाच्या अंतिम सामन्यात, घेऊन गेला. त्या तारखांच्या यादीचा विचार केला की मला अजूनही भरून येतं.

२०२१ चा धडा मात्र प्रत्येकाने पाठ करावा असा. ड्राफ्टमध्ये त्यांनी दोन रनिंग बॅक घेतले, तिसऱ्या फेरीत ट्रे सर्मन आणि सहाव्यात एलायजा मिचेल. मोस्टर्टनंतर सर्मनच, असं धरून सगळ्या फँटसीवाल्यांनी त्याच्यावर वरची निवड खर्च केली. पहिल्या मॅचला सर्मन ठणठणीत असूनही खेळणाऱ्यांच्या यादीतच नव्हता, मोस्टर्ट दोन धावांनंतर बाहेर गेला, आणि मिचेलने १०४ यार्ड केले, वर्षाअखेर ९६३. म्हणजे ड्राफ्टमधला नंबर बघून बॅकअपचा क्रम लावणाऱ्यांना या घराण्याने दर वेळी तोंडावर पाडलंय. ऑगस्टमध्ये मुख्य माणसानंतर कोण उभा राहतो, किकऑफला कोण पळतो, हे बघायला हवं.

मिचेल २०२४ चा सीझन सुरू व्हायच्या आधीच मांडीच्या दुखण्याने वर्षभरासाठी गेला, आणि म्हणून मेसन दुसऱ्या नंबरवर आला. बघा, बातमी ऑगस्टचीच होती! मी वाचलीही होती. मॅकॅफ्री पुढे नोव्हेंबरपर्यंत आला नाही, आला तो चार मॅच खेळला, आणि १ डिसेंबरला बफेलोच्या बर्फात गुडघा दुखावून परत बाहेर. त्याच मॅचमध्ये मेसनचाही घोटा गेला. पुढच्या रविवारी तिसराच, आयझॅक गरेंडो, शिकागोविरुद्ध दोन टचडाउन करून गेला. मेसनचा हिशोब थांबला ७८९ यार्डवर, १५३ धावांत, म्हणजे एका धावेला पाचाहून जास्त.

बाकीच्या खऱ्या टीममध्येही एकाच माणसावर सगळा भार टाकायचे दिवस कमी झालेत, २०२३ मध्ये तर एकही रनिंग बॅक ३०० धावांपर्यंत पोचला नाही, डेरिक हेन्रीच्या २८० सगळ्यात जास्त. काम वाटून घेणारे दोघं-दोघं सगळीकडे आहेत, त्यामुळे आता नुसता 'बॅकअप आहे' म्हणून घेऊन उपयोग नाही. तो मुख्य माणूस पडल्यावर सगळं काम याच्याकडे येणार की तिघांत वाटलं जाणार, हे आधी बघावं लागतं. मेसनकडे सगळं आलं, म्हणून तो सोनं ठरला.

मार्च २०२५ मध्ये मेसनला मिनेसोटा वायकिंग्जकडे दिलं, तिथे अ‍ॅरन जोन्स आधीपासून, म्हणजे परत अर्धं काम वाटणीत. आणि इकडे फॉर्टीनायनर्सनी ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनकडून ब्रायन रॉबिन्सन आणला, मॅकॅफ्रीच्या मागे उभा करायला. बातमी वाचली तेव्हा मी मखराचं सामान काढत होतो, ते तसंच ठेवलं आणि आधी रॉबिन्सनला टीममध्ये घेतला.