दोनशे मशिनं, एक सेटिंग : ऑफिसातल्या रिमोट सॉफ्टवेअरची पार्श्वभूमी

"साहेब, एनीडेस्क चालू करा आणि नंबर सांगा." सदाशिव पेठेतल्या सीएच्या ऑफिसापासून चाकणच्या कारखान्यातल्या स्टोअरपर्यंत हे वाक्य पुण्यात दिवसभर ऐकू येतं. एनीडेस्क हे रिमोट सॉफ्टवेअर, म्हणजे दूर बसून दुसऱ्याचं मशीन चालवू देणारं; त्यात प्रत्येक मशीनला आपला नंबर असतो. एएमसीवाला, म्हणजे वार्षिक देखभालीचा माणूस, कोथरूडमध्ये बसून भोसरीतलं टॅली दुरुस्त करतो. एका मशीनपुरतं हे सोपं आहे. मशिनं दोनशे झाली की वेगळेच प्रश्न उभे राहतात. कायमचा पासवर्ड कुठल्या मशीनवर ठेवलाय? समोरच्याने होकार न देता कुठे आत शिरता येतं? कुठून फाइल बाहेर नेता येते? आणि हे ठरवलं कुणी? सॉफ्टवेअर बसवणं कधीच सोपं झालं. या प्रश्नांची उत्तरं मात्र बहुतेक ऑफिसांत आजही एका जागी सापडत नाहीत, आणि त्याची कारणं जुनी आहेत.

पीसीएनीव्हेअर १९८६चं. मोडेमवरून दुसऱ्या मशीनचा ताबा घेण्याची सोय त्याने दिली, आणि १९९१मध्ये ते सिमँटेककडे गेलं. तेव्हा एका ऑफिसात असं मशीन एखादंच असायचं, त्यामुळे सेटिंग त्याच्यासमोर बसूनच व्हायचं. ती सवय पुढे टिकली.

खरी गडबड व्हीएनसी या दुसऱ्या रिमोट सॉफ्टवेअरपासून सुरू झाली. केंब्रिजच्या ओआरएल प्रयोगशाळेने १९९८मध्ये ते सोर्स कोडसकट फुकट दिलं. छोट्या ऑफिसांना ते परवडणारंच होतं. त्याचं सेटिंग विंडोजच्या रजिस्ट्रीत, म्हणजे सेटिंग साठवायच्या कोठारात, राहायचं, म्हणून एक मशीन नीट लावायचं, रजिस्ट्रीचा तेवढा भाग फाइलमध्ये काढायचा आणि लॉगिन स्क्रिप्टने, म्हणजे लॉगिन होताच आपोआप चालणाऱ्या आज्ञांनी, सगळीकडे चालवायचा, अशी पद्धत पडली. काम झटपट व्हायचं, पण त्या फाइलमधून पासवर्डही सगळीकडे जायचा. तो जास्तीत जास्त आठ अक्षरांचा, आणि ज्या किल्लीने तो झाकलेला असे ती किल्ली सगळ्या जगात एकच, सोर्स कोडमध्ये छापलेली. ती फाइल ज्याच्या हाती लागली, त्याला पासवर्ड उलगडायला फार वेळ लागत नसे. एका मशीनचा पासवर्ड गेला म्हणजे सगळ्या ऑफिसचा गेला.

मायक्रोसॉफ्टने दुसऱ्या बाजूने सुरुवात केली होती. विंडोज एनटी ४मध्ये सिस्टिम पॉलिसी, म्हणजे सर्व्हरवरून मशिनांना नियम देण्याची सोय, होती. सर्व्हरच्या नेटलॉगॉन या सामायिक फोल्डरमध्ये एनटीकॉन्फिग डॉट पॉल नावाची फाइल ठेवायची, लॉगिन करताना मशीन ती वाचणार आणि त्यातल्या नोंदी आपल्या रजिस्ट्रीत उतरवून घेणार. दोष असा, की पॉलिसी काढून टाकली तरी त्या नोंदी तिथेच राहायच्या. अ‍ॅडमिन मंडळी याला टॅटू म्हणत. मशीन एका विभागातून दुसऱ्या विभागात गेलं तरी जुन्या विभागाचे नियम अंगावर घेऊन जायचं, आणि ते कुठून आले हे नव्या माणसाला कळायला मार्ग नसायचा.

२००० साली विंडोज २०००बरोबर अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (ऑफिसातल्या मशिनांची आणि खात्यांची सर्व्हरवरची यादी) आणि ग्रुप पॉलिसी (त्या यादीवर चालणारे नियम) आली आणि हे बदललं. पॉलिसीच्या नोंदींना रजिस्ट्रीत वेगळी जागा मिळाली. पॉलिसी उठली की नोंदही जाते. मशीन साधारण दर ९० मिनिटांनी, अधिक अर्ध्या तासापर्यंतच्या फरकाने, सर्व्हरला पुन्हा विचारतं. माझ्या मते या सगळ्या इतिहासातली सगळ्यात मोलाची गोष्ट हीच : सेटिंग एकदा करून सोडून द्यायचं नाही, मशीनने ते पुन्हापुन्हा विचारायचं. मे २०१९मध्ये विंडोजच्या स्वतःच्या रिमोट डेस्कटॉपमधली ब्लूकीप ही खोट जाहीर झाली, तेव्हा पॅच पडेपर्यंत निदान नेटवर्क लेव्हल ऑथेंटिकेशन (जोडणी होण्याआधीच ओळख पटवणं) सक्तीचं करा, असा सल्ला होता. डोमेन, म्हणजे अशी सर्व्हरवरून चालणारी एकत्र व्यवस्था, असलेल्या ऑफिसात हे एका पॉलिसीचं काम होतं. बाकीच्यांना मशीनमागून मशीन फिरावं लागलं.

अर्थात मध्यवर्ती व्यवस्थेलाही भोकं होती. २००८पासून ग्रुप पॉलिसी प्रेफरन्सेसमधून मशीनवरच्या अ‍ॅडमिन खात्याचा पासवर्ड सगळीकडे पाठवता यायचा. तो ज्या फाइलमध्ये असे ती डोमेनमधल्या कुणालाही वाचता यायची, आणि ज्या किल्लीने तो झाकलेला होता ती मायक्रोसॉफ्टच्याच दस्तऐवजांत उघड होती. मे २०१४मध्ये ही सोय बंद झाली, पण आधी ठेवलेले पासवर्ड हाताने शोधून काढावे लागले. २०१५मध्ये मायक्रोसॉफ्टचं लॅप्स हे साधन आलं आणि प्रत्येक मशीनला आपला वेगळा, बदलता पासवर्ड मिळाला. व्हीएनसीचाच धडा, जरा उशिरा.

पुण्यातल्या असंख्य छोट्या ऑफिसांपर्यंत यातलं काहीच पोचलं नाही. तिथे डोमेनच नाही. लॅपटॉपबरोबर आलेली होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही आणि तिच्यावर बाहेरून रिमोट डेस्कटॉपही घेता येत नाही. ही पोकळी २००५मध्ये टीमव्ह्यूअरने आणि २०१४मध्ये एनीडेस्कने भरली. दोन्ही जर्मन. जोडणी कंपनीच्या सर्व्हरच्या मध्यस्थीने होत असल्यामुळे राउटरला हात लावावा लागत नाही. मध्यवर्ती सेटिंगही कंपनीच्याच वेब कन्सोलवर गेलं, तेही पैसे भरणाऱ्यांसाठी. त्यात आणखी एक जुनी सवय आडवी आली. एका मशीनची डिस्क कॉपी करून बाकीची तयार करायची झाली, की रिमोटचा नंबरही कॉपी होतो. एकाच नंबरची दोन मशिनं उभी राहतात आणि जोडणी भलत्याच टेबलावर जाते. म्हणून इमेज, म्हणजे डिस्कची ती कॉपी, घेण्याआधी तो नंबर पुसावा लागतो, किंवा सॉफ्टवेअर इमेजमध्ये न घालता नंतर एमएसआय या इन्स्टॉल फाइलने पाठवावं लागतं.

मार्च २०२०मध्ये हिंजवडी आणि खराडीतली मशिनं घरोघरी गेली. व्हीपीएन (ऑफिसच्या नेटवर्कपर्यंतची सुरक्षित वाट) जोडल्याशिवाय त्यांना डोमेनचा सर्व्हर दिसेना, म्हणजे पॉलिसीही ताजी होईना. इंट्यूनसारखी, इंटरनेटवरूनच मशीनला नियम देणारी व्यवस्था त्याच्या कितीतरी आधीपासून होती. तिची गरज अनेकांना तेव्हा पटली.

त्याआधीच, फेब्रुवारी २०१९मध्ये, एनीडेस्क उतरवायला सांगून खातं रिकामं करणाऱ्या भामट्यांबद्दल रिझर्व्ह बँकेने इशारा दिला होता. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२च्या आदेशाने सायबर घटना सहा तासांत कळवणं आणि लॉग (वापराच्या नोंदी) १८० दिवस जपणं बंधनकारक केलं. आपल्या मशीनवर कोण कधी रिमोट घेऊन आलं होतं, हे त्यामुळे सांगता यायलाच हवं. फेब्रुवारी २०२४मध्ये खुद्द एनीडेस्कच्या सर्व्हरमध्ये घुसखोरी झाल्याचं कंपनीने जाहीर केलं, सॉफ्टवेअर आपलंच आहे हे दाखवणारं सहीचं प्रमाणपत्र बदललं आणि नवी आवृत्ती घ्यायला सांगितलं. ती कुठल्या मशीनवर घ्यायची, ही यादी हाताशी असेल त्यालाच ते जमणार.

आज एका कारखान्यातल्या एकाच मशीनवर एएमसीवाल्याचं एक, अकाउंटिंगवाल्याचं दुसरं आणि सीएनसी पुरवणाऱ्याचं तिसरं अशी तीन रिमोट सॉफ्टवेअर सापडू शकतात. त्यातली काही इन्स्टॉल न करता, डाउनलोड फोल्डरमधूनच चालतात. त्यांना अ‍ॅडमिनची परवानगी लागत नाही आणि ती इन्स्टॉल केलेल्या सॉफ्टवेअरच्या यादीत दिसत नाहीत. त्यांना अडवायचं तर सेटिंग पाठवून भागत नाही. अ‍ॅपलॉकरसारख्या नियमाने, परवानगी दिलेलं एक सॉफ्टवेअर सोडून बाकीची चालूच होणार नाहीत असं करावं लागतं, आणि त्यासाठी तिन्ही पुरवठादारांना आधी एका सॉफ्टवेअरवर आणावं लागतं.