पाकळ्यांची तबके

सोंग राजवटीतले (960–1279) चिनी लॅकरचे तबक हातात घेतले तर त्यावर बहुतेक वेळा नक्षी शोधूनही सापडत नाही. काळा, तपकिरी किंवा लाल असा एकच रंग, आणि काठाला पाच, सहा, आठ किंवा दहा पाकळ्या. सगळी शोभा आकारावर सोपवलेली.

हा लॅकर म्हणजे आपली लाख नव्हे. लाख किड्यापासून मिळते आणि उष्णतेने पाघळते. लॅकर हा झाडाचा चीक, आणि झाड आंबा-काजू-बिब्ब्याच्या कुळातले. त्यातले उरुशिऑल हे तेलकट द्रव्य कातडीला लागले की बिब्बा उततो तसेच उतते. सालीला खाचा पाडून चीक धरतात. एका झाडाकडून हंगामात पाव किलो मिळाला तरी पुष्कळ. गाळून, मंद उबेवर ढवळत त्यातले पाणी 3 टक्क्यांच्या आसपास आणतात. इथे आच वाढली की माल गेला, कारण त्यातले लॅकेज हे विकर (एन्झाइम) मरते आणि मग साध्या हवेत लेप घट्ट होत नाही. हवेतला ऑक्सिजन घेऊन उरुशिऑलचे रेणू एकमेकांत गुंफण्याचे काम हेच विकर करते, आणि त्याला दमट हवा लागते: 20 ते 30 अंश सेल्सिअस, 70 ते 80 टक्के आर्द्रता. म्हणजे जुलैतले कोकण! कोरड्या उन्हात ठेवलेले भांडे चिकटच राहते.

पाकळ्या मात्र लॅकरच्या आधीच, लाकडात घडतात. अखंड फळीतून तबक कोरले तर ते पुढे तडकते, कारण लाकूड रेषांच्या आडवे बरेच आकसते, लांबीत जवळजवळ नाही. सोंग कारागिरांनी म्हणून पातळ पट्ट्या भिजवून वाकवल्या आणि त्यांची कडी एकावर एक, एकात एक चिकटवत भिंत उभी केली. क्ष-किरणांत ही कडी स्पष्ट दिसतात. पट्टीची लांबी काठाबरोबर धावत असल्याने काठ आकसत नाही, आणि कडे वाकवतानाच पाकळीचा बाक देता येतो. त्यावर कापड, मग लॅकरमध्ये बारीक माती किंवा राख कालवून केलेली पुट्टी, आधी जाडसर, मग बारीक. आणि शेवटी लॅकरचे हात.

खरी परीक्षा दोन पाकळ्यांमधल्या खाचेत. लॅकर तिथे ओघळून साचतो, वरची साय आधी घट्ट होते, आत ओल राहते आणि पृष्ठभाग सुरकुततो. उंचवट्यावर उलट थर विरळ होतो आणि घासताना खालची पुट्टी उघडी पडते. त्यामुळे हात अगदी पातळ द्यावा लागतो, भांडे घट्ट होईपर्यंत अधूनमधून फिरवावे लागते, आणि प्रत्येक थर पाण्याबरोबर कोळशाने घासूनच पुढचा चढतो. साध्या दिसणाऱ्या तबकात दोष लपवायला नक्षीही नसते.

अठराव्या शतकात, छ्यानलुंग सम्राटाच्या काळात, शेवंतीच्या आकाराची लाल भांडी झाली. इतक्या अरुंद, दाट पाकळ्यांना लाकडी पट्टी वळणे कठीण. म्हणून साच्यावर लॅकरात भिजवलेल्या कापडाचे थर दिले, नंतर साचा काढून घेतला. अशी भांडी उचलताना वजनच जाणवत नाही. त्यांचा लाल रंग हिंगुळाचा, म्हणजे पाऱ्याच्या लाल खनिजाचा.

जुन्या लॅकरचा मोठा शत्रू प्रकाश. अतिनील किरणांनी वरचा थर तुटतो, त्यात सूक्ष्म चिरा पडतात आणि पाण्याला दाद न देणारा तो पृष्ठभाग ओल्या फडक्यानेही डागाळतो. अति कोरड्या वातानुकूलित खोलीत आतले लाकूड आकसते, लॅकर तितका आकसत नाही, आणि खपल्या सुटतात. त्यामुळे आर्द्रता 50 ते 60 टक्के आणि स्थिर ठेवतात. घामट बोटांचे ठसेही कायमचे उमटतात, म्हणून तबक हातमोजे घालूनच उचलायचे, तेही काठाला न धरता, तळाला आधार देऊन.