आयर्लंडची ‘आणीबाणी’: चहा, गॅस आणि लोकांच्या आठवणी

दुसऱ्या महायुद्धात आयर्लंड तटस्थ राहिला. तिथल्या सरकारी भाषेत तो काळ युद्धाचा नव्हे, ‘आणीबाणी’चा. त्या दिवसांत सामान्य माणूस कसा जगला हे शोधायला जुनी वर्तमानपत्रं उघडली, तर फारसं हाती लागत नाही. सेन्सॉरची कात्री एवढी कडक की हवामानाचा अंदाजसुद्धा छापायला बंदी. लढणाऱ्या देशांच्या विमानांना तो उपयोगी पडला असता! तेव्हा भिस्त उरते ती लोकांच्या आठवणींवर.

खरं तर आठवणी टिपणारी यंत्रणा तिथे आधीच उभी होती. 1935 मध्ये आयरिश लोकसाहित्य आयोग स्थापन झाला. 1937-38 मध्ये प्राथमिक शाळांतल्या हजारो मुलांनी घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून गोष्टी, तोडगे, म्हणी वह्यांत उतरवल्या. युद्ध चालू असतानाही आयोगाचे संग्राहक मेणाच्या नळकांड्यांवर आवाज टिपत खेडोपाडी हिंडत होते. पण त्यांचं लक्ष जुन्या कथांकडे, परंपरागत चालीरीतींकडे. घरातला चहा संपला, हा कुणाला वारसा वाटणार?

तो वारसा ठरायला काही दशकं जावी लागली. 1979-80 मध्ये डब्लिनच्या विद्यापीठातल्या लोकसाहित्य विभागाने शहरी लोकसाहित्याचा प्रकल्प घेतला आणि टेपरेकॉर्डर शहरातल्या वस्त्यांत पोचला.

आणीबाणीच्या आठवणी निघाल्या की पहिला मान चहाचा. 1941 मध्ये रेशन माणशी आठवड्याला अर्धा औंस, म्हणजे जेमतेम 14 ग्रॅमवर आलं. चोथा वाळवून पुन्हा उकळायचा, नाहीतर काळ्याबाजारात जायचं. पांढरा पाव गेला, कोंड्यासकट दळलेल्या गव्हाचा काळपट पाव आला. तेच पीठ बायका रेशमी मोज्यांतून चाळत. गॅस ठरावीक तासच मिळे. एरवी नळीत उरलेल्या गॅसवर मिणमिणती ज्योत पेटायची, पण तिच्यावर काही शिजवायला मनाई. गॅस कंपनीचा तपासनीस, ज्याला लोक ‘ग्लिमर मॅन’ म्हणत, दार ठोठावून आत येई आणि बर्नरवर तळहात ठेवून पाही. गरम लागला की पुरवठा तोडायची धमकी. कोळसा येईना, म्हणून डब्लिनच्या फीनिक्स पार्कमध्ये पीटच्या, म्हणजे दलदलीतून खणून वाळवलेल्या जळाऊ मातीच्या, गंजी रचल्या गेल्या.

हे किस्से हसत सांगितले जातात आणि मला वाटतं, गोची तिथेच आहे. चहाचं हसू होतं. क्षयाने गेलेल्या भावाचं होत नाही. कामासाठी इंग्लंडच्या कारखान्यांत गेलेल्यांबद्दल किंवा ब्रिटिश सैन्यात भरती झालेल्यांबद्दल बोलणं तर तटस्थ देशात अवघडच.

आपल्या शेजारचा गोवाही पोर्तुगालमुळे तटस्थच होता. मुरगाव बंदरात आश्रयाला आलेल्या ‘एरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर ब्रिटिशांनी 9 मार्च 1943 च्या रात्री छापा घातला, ती कथा हमखास ऐकायला मिळते. बंदराकाठच्या घरांत त्या वर्षी तांदूळ कुठून यायचा, हे विचारणारा क्वचितच भेटतो.