बेरिया महाविद्यालयातील विद्यार्थी-विविधता आणि सर्वसमावेशकता

बेरिया हे अमेरिकेतील केंटकी राज्यात, अ‍ॅपलाचियन डोंगररांगांच्या पायथ्याशी असलेले लहान निवासी लिबरल आर्ट्स (कला, मानव्यविद्या, विज्ञान अशा सर्वांगीण शिक्षणाचे) महाविद्यालय. विद्यार्थी सुमारे दीड हजार. दक्षिणेकडच्या राज्यांत गोरे व कृष्णवर्णीय आणि मुलगे व मुली यांना एकत्र शिकवणारे हे पहिले महाविद्यालय मानले जाते. इथे शिक्षण शुल्क कोणालाच भरावे लागत नाही, प्रवेश मुख्यतः कमी उत्पन्नाच्या घरांतील मुलांना मिळतो, आणि प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्यातून किमान १० तास काम करावे लागते. सर्वसमावेशकता एखाद्या वेगळ्या विभागावर सोपवून न देता ती संस्थेच्या मूळ नियमांतच बसवली, हे बेरियाचे खरे वेगळेपण. मात्र त्या नियमांतली एक ओळ बदलली की वर्गातले चेहरे किती बदलतात, हेही इथल्याच इतिहासात स्पष्ट दिसते.

गुलामगिरीविरोधी धर्मोपदेशक जॉन जी. फी यांनी १८५५ साली एका खोलीची शाळा सुरू केली. त्यासाठी जमीन कॅशियस क्ले या जमीनदाराने दिली होती. सर्व माणसे देवाने एकाच रक्ताची घडवली, हे बायबलमधील वचन पुढे संस्थेचे ब्रीद झाले. १८५९ च्या अखेरीस गुलामगिरीच्या समर्थकांनी दहा दिवसांची मुदत देऊन शाळेच्या मंडळींना राज्याबाहेर घालवले. यादवी युद्ध संपल्यावर ती परत आली. १८६६ साली पटावर १८७ विद्यार्थी होते : ९६ कृष्णवर्णीय, ९१ गोरे. जवळपास निम्मे-निम्मे हे प्रमाण पुढची सुमारे पंचवीस वर्षे बऱ्याच अंशी टिकले. ज्या राज्यात दहा वर्षांपूर्वी माणसे विकली जात होती तिथे हे घडले, म्हणून ते फार मोठे आहे.

कृष्णवर्णीयांच्या प्रमाणाची उतरण पुढे आलेल्या बंदीच्या कायद्याच्या आधीच सुरू झाली होती. १८९२ मध्ये अध्यक्ष झालेल्या विल्यम गुडेल फ्रॉस्ट यांनी डोंगराळ भागातील गरीब गोऱ्या कुटुंबांकडे मोर्चा वळवला. त्या भागात शाळा नव्हत्या, गरिबी भीषण होती आणि उत्तरेकडील देणगीदारांना हा विषय भिडत होता. उद्देश वाईट नव्हता. पण गोऱ्या विद्यार्थ्यांची भरती वाढत गेली, तशी कृष्णवर्णीयांची वाढली नाही. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांचा वाटा पाचव्या हिश्श्याच्याही खाली आला. एका वंचित गटाला दार उघडताना दुसऱ्याचे दार लोटले जाते आहे का, याकडे लक्ष ठेवणारे कोणी नव्हते.

दार पूर्ण बंद केले ते १९०४ च्या ‘डे कायद्या’ने. कार्ल डे या आमदाराने मांडलेल्या या कायद्याने दोन्ही वंशांच्या मुलांना एकत्र शिकवणे गुन्हा ठरवला. दंड संस्थेला १००० डॉलर, आणि दोषी ठरल्यावरही चालू ठेवल्यास रोजचे १०० डॉलर. दुसऱ्या वंशासाठी वेगळी शाखा काढायची तर ती किमान २५ मैल दूर हवी, अशीही अट होती. राज्यात असे एकत्र शिकवणारे महाविद्यालय बेरिया एकच असल्याने रोख कुणावर होता हे उघड होते. १९०८ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने कायदा उचलून धरला. राज्याने सनद दिलेल्या संस्थेचे अधिकार राज्य मर्यादित करू शकते, हा त्यामागचा तर्क. न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन हे स्वतः केंटकीचे. त्यांनी विरोधी निकालपत्र लिहिले. कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांसाठी १९१२ मध्ये शेल्बी परगण्यात लिंकन इन्स्टिट्यूट सुरू झाले. १९११ मध्येच बेरियाच्या घटनेत डोंगराळ प्रदेश हे खास कार्यक्षेत्र म्हणून नोंदवले गेले होते. कृष्णवर्णीयांच्या इतिहासाच्या अभ्यासाचा पाया घालणारे कार्टर जी. वुडसन यांना बेरियाची पदवी १९०३ मध्ये मिळाली. एक वर्ष उशीर झाला असता तर ती मिळालीच नसती. १९५० मध्ये कायद्यात दुरुस्ती होताच बेरियाने पुन्हा सर्वांना प्रवेश दिला. पण वर्गातले प्रमाण कायदा बदलल्याने आपोआप परत येत नाही. त्यासाठी पुढची अनेक दशके खटपट करावी लागली.

आजची रचना पैशाच्या बाजूने पाहिली तर नीट कळते. शुल्क नाही, म्हणजे तो खर्च कायम निधीच्या (मुद्दल न मोडता गुंतवून ठेवलेल्या पैशाच्या) उत्पन्नातून, देणग्यांतून आणि सरकारी अनुदानांतून भागवावा लागतो. मृत्युपत्राने आलेली विनाअट देणगी चालू खर्चाला न वापरता निधीतच घालायची, असा ठराव विश्वस्तांनी १९२० मध्ये केला, आणि तो निधी आता एक अब्ज डॉलरच्या वर आहे. २०१७ च्या करकायद्यात श्रीमंत विद्यापीठांच्या निधीवर कर बसला, त्यात हे गरिबांचे महाविद्यालयही सापडले होते. २०१८ मध्ये, कर कोणत्या संस्थांना लागू हे ठरवताना मोजणी फक्त ‘शुल्क भरणाऱ्या’ विद्यार्थ्यांची करावी अशी दुरुस्ती झाली आणि बेरिया सुटले.

कामाची पद्धत महाराष्ट्रातील ‘कमवा आणि शिका’ योजनेची आठवण करून देईल, पण एक फरक कळीचा आहे. काम ऐच्छिक असले की कोण गरीब हे सर्वांना दिसते. बेरियात ते सक्तीचे आणि सरसकट आहे, त्यामुळे महाविद्यालयाच्या बून टॅव्हर्न या हॉटेलात ताटे उचलणाऱ्याला किंवा ग्रंथालयात पुस्तके लावणाऱ्याला कमीपणा वाटण्याचे कारण उरत नाही. कामाचे मूल्यमापन होते, त्याचे स्वतंत्र प्रगतिपत्रक मिळते आणि कामात सातत्याने हयगय केल्यास महाविद्यालयातले स्थान धोक्यात येते. हस्तकला विभागात विणकाम, सुतारकाम आणि झाडू बांधणे चालते. झाडूसाठी ज्वारीच्याच जातीच्या एका पिकाची कणसे लागतात : आधी ती लांबीनुसार निवडतात, वळावीत म्हणून भिजवतात, ताणलेल्या दोऱ्याने दांड्याभोवती घट्ट आवळतात, मग दाबून चपटी करून शिवतात. भिजवणे कमी पडले तर काड्या मोडतात, ताण सैल सुटला तर झाडू दांड्यावर फिरतो.

अडचणी आहेतच. शुल्क माफ असले तरी निवास, जेवण आणि प्रवासाचा खर्च राहतो. तो मदतीतून पुरा भागला नाही तर थोडे कर्ज होते. प्रयोगशाळा, अभ्यास आणि कामाचे तास यांची सांगड घालताना पहिल्या वर्षाची मुले सर्वाधिक ओढाताण सोसतात. २०२३ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानंतर प्रवेशाच्या निवडीत वंशाचा विचार करता येत नाही. उत्पन्न आणि भूप्रदेश हे निकष मात्र चालतात. अ‍ॅपलाचियाचा ग्रामीण भाग बहुतांशी गोरा असल्याने केवळ भूप्रदेशावर भिस्त ठेवली तर फ्रॉस्ट यांच्या काळातलाच कल पुन्हा येऊ शकतो. म्हणून कोणत्या शहरांतल्या आणि कोणत्या शाळांत महाविद्यालयाची माणसे जाऊन माहिती देतात, हा प्रश्न प्रवेश-अर्जाच्या छाननीइतकाच महत्त्वाचा ठरतो. मुलेबाळे असलेल्या विद्यार्थ्यांसाठी कुटुंबनिवास आणि बालसंगोपन केंद्र आहे. तिथे सांभाळणाऱ्यांमध्ये इतर विद्यार्थीही असतात, आणि ते तास त्यांच्या कामाच्या तासांत धरले जातात.