अक्कूब: काट्यांआडची भाजी

पॅलेस्टाईन, लेबनॉन, सीरियाच्या डोंगरउतारांवर हिवाळी पाऊस सरत आला की अक्कूबचे कोंब जमिनीतून डोकं काढतात. भाजी चवीची, पण निवडताना जीव मेटाकुटीला येतो. कात्री घेऊन एकेका पानाचे काटे छाटावेत, तेव्हा कुठे कोवळे देठ आणि कळ्या हाती लागतात. मातीखाली राहिलेला देठाचा पांढरा भाग सर्वांत मऊ. हे सगळं कांद्याबरोबर ऑलिव्ह तेलात परतून वर अंडी फोडतात, नाहीतर मटणाबरोबर दह्याच्या रश्शात शिजवतात.

काटे पाहून हिला थिसल (युरोपात ओळखीचं काटेरी रानफूल) म्हणतात खरं, पण सूर्यफुलाच्या कुळात खऱ्या थिसलांची शाखा निराळी. अक्कूबची भावकी लेट्यूस आणि चिकोरीची. कापल्यावर पाझरणारा पांढरा चीक ही त्या घराण्याची खूण! तुर्कस्तानात हिचं नाव केंगेर. तिथे हा चीक गोळा करून सुकवतात आणि च्युइंगमसारखा चघळतात. बिया भाजून, दळून कॉफीसारखं पेयही करतात. इराणात हीच कंगर होऊन दह्यात किंवा मटणाच्या रश्शात पडते.

शास्त्रीय नाव गुंडेलिया टूर्नेफोर्टी. फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञ तुर्नफोर १७०० साली ग्रीस, तुर्कस्तान, आर्मेनियाच्या सफरीवर निघाला, तेव्हा गुंडेल्सहायमर नावाचा जर्मन वैद्य त्याच्यासोबत होता. दोघे प्रवासी एकाच नावात कायमचे शेजारी बसले.

उन्हाळ्यात झुडूप वाळतं, बुंध्याशी तुटतं आणि वाऱ्याबरोबर गडगडत जातं. वाटेत फुलोऱ्याचे टणक गुच्छ सुटे होतात, त्यांच्यात बी असतं. खाली खोल गेलेलं सोटमूळ मात्र जिवंत राहतं आणि पुढच्या पावसाला त्याच जागी पुन्हा फुटतं.

इस्रायलने २००५ मध्ये अक्कूबला संरक्षित वनस्पतींच्या यादीत घातलं आणि रानात भाजी खुडणाऱ्या पॅलेस्टिनी लोकांना दंड होऊ लागले. मूळ न दुखवता वरचा भाग कापला तर झाड मरत नाही, हे खुडणाऱ्यांचं म्हणणं झाडाच्या रचनेला धरूनच आहे. पण मला वाटतं, देठ आणि कळी यांचा हिशेब वेगळा मांडायला हवा. देठ मुळातून परत येतो. ताटात गेलेली कळी मात्र त्या वर्षीचं बी सोबत घेऊन जाते.