अपडेटनंतर टीव्ही बॉक्सला हार्ड डिस्क दिसत नाही? फॉरमॅट करण्याआधी हे वाचा

आमच्याकडून अँड्रॉइड टीव्ही बॉक्स घेतलेल्या आणि दुरुस्तीसाठी आणणाऱ्या सर्व ग्राहकांसाठी हे पत्रक आहे.

रात्री बॉक्सला अपडेट येतं. सकाळी टीव्ही लावावा तर जोडलेली हार्ड डिस्क किंवा पेनड्राइव्ह दिसत नाही. कधी दिसतो, पण आतलं काही उघडत नाही. ‘डिस्क गेली’ असं म्हणत लोक दुकानात येतात. तपासलं की बहुतेक वेळा डिस्क ठीक असते आणि आतलं सगळं जागेवर असतं. नुकसान होतं ते अपडेटनंतर घाईत दाबलेल्या एका बटणामुळे.

डिस्क चालत नाही असा संदेश पडद्यावर येतो आणि त्याच्याच खाली ती फॉरमॅट करण्याचा, म्हणजे सगळं पुसून कोरी करण्याचा, पर्याय असतो. तो निवडू नका. आमच्या एका ग्राहकाकडे वडिलांच्या कीर्तनांचं रेकॉर्डिंग होतं, एकाच डिस्कवर, दुसरी प्रत नाही. त्यांनी फॉरमॅट केलं आणि मग आमच्याकडे आले. काही फाइल्स परत मिळाल्या, सगळ्या नाहीत. ते अजून मनाला लागून आहे, म्हणूनच हे पत्रक छापलं.

आधी एक प्रश्न: डिस्क कशी जोडली होती?

डिस्क दोन प्रकारे जोडता येते. एक साधा प्रकार, म्हणजे डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तरी तिथे उघडते. दुसरा प्रकार 2015 मध्ये अँड्रॉइड 6 बरोबर आला. यात बॉक्स ती डिस्क स्वतःचीच मेमरी म्हणून वापरतो. मेनूमध्ये याला ‘डिव्हाइस स्टोरेज’ म्हणतात. बॉक्समधली जागा कमी पडते तेव्हा बरेच जण हा पर्याय निवडतात आणि पुढे विसरून जातात.

या दुसऱ्या प्रकारात डिस्कवरची माहिती कुलूपबंद होते आणि किल्ली त्या बॉक्सच्या आतच राहते. अशी डिस्क कॉम्प्युटरला लावली तर विंडोज ती वाचू शकत नाही आणि तोही फॉरमॅट करू का म्हणून विचारतो. तिथेही ‘कॅन्सल’ दाबा. आणि बॉक्स फॅक्टरी रीसेट, म्हणजे नव्यासारखा कोरा, तर अजिबात करू नका. रीसेट केला की किल्ली पुसली जाते, मग डिस्क धडधाकट असूनही आतलं काही वाचता येत नाही. आम्हालाही नाही, दुसऱ्या कुणालाही नाही.

अशी डिस्क दिसत नसेल तर बॉक्सचं स्विच पूर्ण बंद करा. डिस्क पूर्वी ज्या पोर्टला होती त्याच पोर्टला घट्ट बसवा, बॉक्स सुरू करा आणि पाच मिनिटं थांबा. एवढ्याने नाही झालं तर बाकी काही न करता आमच्याकडे आणा.

साधी जोडलेली डिस्क असेल तर

ती काढून कॉम्प्युटरला लावून बघा. फाइल्स दिसल्या तर सगळ्यात आधी महत्त्वाच्या फाइल्सची प्रत काढून घ्या, बाकीचं नंतर.

कॉम्प्युटरवर चालते आणि बॉक्सवर नाही, याचं आम्हाला वारंवार सापडणारं कारण म्हणजे डिस्क नीट ‘इजेक्ट’ न करता, म्हणजे मेनूतून आधी बंद न करता, ओढून काढलेली असते, किंवा ती चालू असताना लाइट गेलेली असते. एनटीएफएस या विंडोजच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर तेव्हा ‘तपासणी बाकी’ अशी खूण राहते. जुन्या सॉफ्टवेअरने त्याकडे दुर्लक्ष केलेलं असतं, नवं तसं करेलच असं नाही. उपाय सोपा आहे. विंडोजमध्ये डिस्कवर राइट क्लिक, मग प्रॉपर्टीज, टूल्स आणि चेक. तपासणी पूर्ण झाली की डिस्क इजेक्ट करूनच काढा.

काही बॉक्स एनटीएफएस वाचतच नाहीत. अशांसाठी एक्सफॅट ही दुसरी पद्धत बरी, बॉक्स ती घेत असेल तर. फॅट 32 ही तिसरी पद्धत जवळपास सगळीकडे चालते, पण त्यात 4 जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, त्यामुळे लग्नाचं अखंड शूटिंग त्यावर राहणार नाही. पद्धत बदलायची म्हणजे डिस्क पुसावीच लागते, म्हणून प्रत काढल्याशिवाय त्या वाटेला जाऊ नका.

डिस्क दिसते, पण ॲपला सापडत नाही

अपडेटने बॉक्स अँड्रॉइड 11 किंवा त्यापुढे गेला असेल तर ही शक्यता मोठी. 2020 मध्ये आलेल्या या आवृत्तीपासून ॲपला संपूर्ण डिस्कवर हवं तसं फिरता येत नाही. फाइल मॅनेजरसारख्या ॲपला वेगळी परवानगी द्यावी लागते. सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’, त्यात ‘स्पेशल ॲप ॲक्सेस’, त्यात ‘ऑल फाइल्स ॲक्सेस’ उघडा आणि तुमच्या ॲपसमोरचं बटण चालू करा. नावं बॉक्सप्रमाणे थोडी वेगळी असतील. त्या यादीत तुमचं ॲप नसेल तर ते आधी अपडेट करा.

डिस्क टिकटिक करते, मध्येच गायब होते

यात अपडेटचा दोष नसतो. यूएसबी 2 पोर्ट नियमाप्रमाणे 500 मिलिअँपिअर करंट देतो, यूएसबी 3 पोर्ट 900. फिरणारी हार्ड डिस्क सुरू होताना याहून जास्त मागू शकते. अपडेटनंतर बॉक्स रीस्टार्ट होतो, तेव्हा डिस्कलाही पुन्हा सुरू व्हावं लागतं आणि पूर्वीपासूनची कमतरता तेव्हा उघडी पडते. स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब (एका पोर्टचे अनेक पोर्ट करणारी डबी) बॉक्स आणि डिस्कच्या मध्ये लावला की बहुधा काम होतं. हब घेण्याआधी केबल बदलून पाहा, खर्च वाचेल.

पुढच्या अपडेटच्या वेळी

साधी डिस्क आधी इजेक्ट करून काढून ठेवा, अपडेट पूर्ण झाल्यावर लावा. ‘डिव्हाइस स्टोरेज’ केलेली डिस्क मात्र जागेवरच राहू द्या. इन्व्हर्टर नसेल तर लाइट जाण्याच्या वेळेत अपडेट सुरू करू नका.

दुकानात येताना डिस्कबरोबर तिची केबल, बॉक्स, त्याचा अडॅप्टर आणि रिमोटही आणा. बरेच जण फक्त डिस्क घेऊन येतात. ती ‘डिव्हाइस स्टोरेज’ केलेली निघाली तर बॉक्स आणायला परत घरी जावं लागतं.