वीज पडलेल्या बोरीचं लाकूड

कोरियात नावाचा शिक्का ही घरोघरची वस्तू. बोटाएवढी कांडी, तिच्या टोकाला नाव उलटं कोरलेलं. जमिनीच्या व्यवहारासारख्या महत्त्वाच्या कागदांवर तो उमटवतात. दगडाचे, शिंगाचे, साध्या लाकडाचे असे कितीतरी शिक्के मिळतात, पण ‘ब्योकजोमोक’चा मान वेगळाच. ब्योक म्हणजे कडाडून पडलेली वीज, जो म्हणजे बोर, मोक म्हणजे लाकूड. वीज पडलेल्या बोरीचं लाकूड! जवळ बाळगलं की भुतंखेतं फिरकत नाहीत, नशीब उघडतं, अशी श्रद्धा. चीनमध्ये ताओ पंथाचे पुरोहित याच लाकडाचे विधीचे शिक्के करत आले आहेत. ही बोर म्हणजे आपल्या रानातल्या बोरीची सख्खी बहीण. आपली झिझिफस मॉरिशियाना, तिकडची झिझिफस जुजुबा.

या लाकडात खरंच काही वेगळं असतं का, या प्रश्नाचं मला सगळ्यांत आवडलेलं उत्तर एका जुन्या चिनी कवीकडे सापडतं.

ल्यू झोंगयुआन (773–819) हा तांग राजवटीतला मोठा कवी आणि अधिकारी. राजकारणात हरला आणि 805 मध्ये दक्षिणेकडे दूर योंगझोऊला त्याची रवानगी झाली. तिथे शियांग नदीच्या पश्चिमेला टुंगचं, म्हणजे पाऊलोनियाचं, एक वठलेलं झाड होतं. त्याच्या ढोलीत जलनाग दडलेला आहे असं लोक म्हणत. एका रात्री झाडावर वीज पडली, आग लागली, पहाटेपर्यंत धुमसत राहिली. उरलेलं खोड वाटेवर आडवं झालं. आसपासचे लोक त्याच्या ढलप्या काढून चुलीत घालू लागले. हे एका साधूला कळलं, त्याने उरलेलं लाकूड उचलून आणलं आणि त्यातून तीन ‘छिन’ बनवले. छिन हे मांडीवर किंवा चौरंगावर ठेवून वाजवायचं सात तारांचं वाद्य.

ल्यूने या वाद्यांवर छोटंसं टिपण लिहिलं. त्यातला क्रम बघण्यासारखा आहे. छिनसाठी टुंगसारखं लाकूड नाही. त्यातही खडकावर वाढलेला टुंग चांगला, खडकावरच वाळलेला अधिक चांगला, आगीतून उरलेला त्याहून चांगला. वीज आली की मात्र त्याचा शब्द बदलतो. तिथे तो ‘चांगलं’ म्हणत नाही, ‘विलक्षण’ म्हणतो. हे वाद्य चांगलंही आहे आणि विलक्षणही, दोन्ही एकत्र आल्यामुळे सुंदर आहे, असं त्याचं म्हणणं.

हा फरक आजच्या लाकूडशास्त्रातही टिकतो. टुंगचं लाकूड फार हलकं, पाण्याच्या जेमतेम तिसऱ्या हिश्श्याच्या घनतेचं. वाद्याच्या फळीला असंच हलकं आणि तरीही ताठ लाकूड लागतं. खडकावर माती कमी, म्हणून झाड हळू वाढतं आणि त्याची वर्षवलयं दाट बसतात. उभ्याउभ्या वाळलेल्या लाकडात ओल कमी, आणि ओल कमी म्हणजे नाद दबत नाही. लाकूड बराच वेळ तापलं तर त्यातले पाणी ओढून घेणारे काही घटक मोडतात, मग ते पावसाळ्यात फारसं फुगत नाही. या तिन्ही गोष्टींना कारण आहे. चौथी गोष्ट, वीज, लाकडाला काय देते?

विजेच्या मुख्य झटक्यात साधारण 30,000 अँपिअर प्रवाह असतो. तिच्या वाटेतली हवा 30,000 अंश सेल्सिअसच्या आसपास तापते, म्हणजे सूर्याच्या पृष्ठभागाच्या पाचपट. पण हे सगळं सेकंदाच्या अगदी बारीक अंशात आटोपतं. झाडातून जाताना वीज ओलीची वाट धरते. साल आणि लाकूड यांच्यामधल्या रसाळ थरातलं पाणी क्षणात वाफ होऊ बघतं. वाफेला पाण्याच्या कितीतरी पट, साध्या दाबाला सुमारे 1,700 पट, जागा लागते. ती नसते, म्हणून साल फटाक्यासारखी उडते.

असं झाड जवळून बघा. शेंड्याकडून बुंध्यापर्यंत हातभर रुंदीचा किंवा त्याहून अरुंद पट्टा सोललेला असतो. खोडाचे तंतू पिळाचे असतील तर तो पट्टाही पिळत खाली उतरतो. मधोमध एक बारीक चीर, कडेला सालीचे धागे लोंबलेले. पुष्कळदा काळं झालेलं काहीच दिसत नाही. प्रवाह जमिनीत निघून गेलेला असतो. लाकडात वीज मुरत नाही, उरत नाही. उरते ती चीर.

ही चीर आपल्याकडच्या जुन्या ग्रंथकारांच्या नजरेतून सुटली नव्हती असं मला वाटतं. सहाव्या शतकातला वराहमिहीर बृहत्संहितेत पलंग आणि आसनांसाठी लाकूड कसं निवडावं ते सांगतो. वीज, पाणी, वारा किंवा हत्ती यांनी पाडलेली झाडं घेऊ नयेत, असं त्याने बजावलं आहे. तो कारण शुभाशुभाचं देतो. पण असल्या लाकडाच्या पोटात न दिसणारी भेग असू शकते, हे कुठलाही सुतार सांगेल. म्हणजे चीनमध्ये जे लाकूड देवाघरचं, ते आपल्याकडे पलंगालाही नको!

अमेरिकेतल्या चेरोकी या मूळनिवासी लोकांच्या श्रद्धेत तर दोन्ही बाजू एकत्र आहेत. अभ्यासक जेम्स मूनी यांनी 1900 मध्ये त्या नोंदवून ठेवल्या. साध्या माणसाने वीज पडलेल्या लाकडाला हात लावायचा नाही, हातापायांना भेगा पडतात. मांत्रिक मात्र त्याच्या ढलप्या जाळून कोळसा करी आणि चेंडूचा सामना खेळणाऱ्यांना अंगाला फासायला देई, म्हणजे त्यांचा तडाखा विजेसारखा बसेल. झाड विजेनंतरही हिरवं असेल तर त्याची साल कुटून बियाणं भिजवायच्या पाण्यात घालत, पीक चांगलं येतं म्हणून. तेच लाकूड शेतात टाकलं तर पीक वाळतं. झाड मेलं की तगलं, याकडे त्यांचं बारीक लक्ष होतं.

आता पुन्हा कोरियाच्या शिक्क्याकडे. खरं ब्योकजोमोक पाण्यात बुडतं, ही त्याची प्रसिद्ध कसोटी. लाकडाच्या पेशींच्या भिंती पाण्याच्या सुमारे दीडपट घन असतात. लाकूड तरंगतं ते आतल्या हवेमुळे. पेशींची भिंत जाड आणि पोकळी लहान असली की लाकूड विजेशिवायही बुडतं. आजीच्या सहाणेजवळची रक्तचंदनाची बाहुली तांब्याभर पाण्यात सोडून बघा, ती अस्सल असेल तर तळ गाठेल. उलट, वीज लाकूड दाबत नाही, फाडते. त्यामुळे तिने एखादं लाकूड जड होण्याचं कारण नाही. दाब देऊन किंवा राळ भरून लाकूड जड करणं मात्र कारखान्यात सहज जमतं. बुडण्यावरून लाकडाची घनता कळते, विजेबद्दल काहीच कळत नाही.

आणि घरी लाकडावर वीज उतरवायचा खेळ कुणी करू नये, हे कळकळीने सांगतो. मायक्रोवेव्हमधला ट्रान्सफॉर्मर काढून लाकडावर विजेची नक्षी जाळण्याच्या नादात अमेरिकेत तीसहून अधिक माणसं दगावली आहेत.

झाड तगलं की मेलं, हा चेरोकींचा प्रश्न अलीकडे पनामाच्या जंगलात संशोधकांनी मोजून पाहिला. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वीज पडलेली 93 झाडं होती. बाकीच्या जातींची 64 टक्के झाडं दोन वर्षांत मेली. डिप्टेरिक्स ओलेइफेरा या जातीची नऊच्या नऊ झाडं मात्र किरकोळ इजेवर निभावली. वर त्यांच्यावर चढलेल्या वेलींचा पसारा 78 टक्क्यांनी घटला, आणि दर तडाख्यात आसपासची सरासरी नऊ झाडं मेली. वेलींचा भार उतरला, शेजारी गेले, वरून ऊन आलं. ही झाडं उंचच उंच वाढतात, जणू विजेला बोलावतात. तिथे वीज पडणं हा झाडाचा फायदा आहे, आणि तो त्याच्या लाकडात नाही. माथ्यावर मोकळ्या झालेल्या आभाळात आहे.